नाण्यावांचून खेळ

कलाकृतीचा घाट केवळ कलावंताच्या मनांतून निघतो, अशी एक गोड समजूत आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः बाजार, जागा, वेळ आणि पैसा यांचाही त्यांत हात असतो. डिकन्सचा 'पिक्विक पेपर्स' १८३६-३७ सालीं मासिक हप्त्यांनीं निघाला, आणि हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी 'करमणूक' पत्रांतून क्रमशः प्रसिद्ध झाली. या दोन्ही ग्रंथांची ठेवण हप्त्यांच्या गरजेनें घडली आहे, हें साक्षेपी वाचक कबूल करील. आज ज्या विषयाकडे आम्ही वळत आहों तो वरवर पाहतां वाङ्मयाच्या कक्षेबाहेरचा दिसेल. पण त्यालाही हीच कसोटी लागू पडते. हा विषय म्हणजे गेल्या शतकाच्या आठव्या व नवव्या दशकांतील, नाणें टाकून खेळावयाचीं व्हिडिओ गेमचीं यंत्रें आपल्या घरीं मांडण्याचा छंद. अमेरिकेंत तो फार फोफावला असून त्याला 'होम आर्केड' असें म्हणतात.

या छंदाचे ठळक प्रकार तीन. कोणी मूळ यंत्र विकत घेऊन त्याची दुरुस्ती करतो. सर्किट बोर्डावरील निकामी भाग काढून डाख देऊन नवे बसवितो, आणि जुन्या चित्रनळीचा पडदा जिवापाड जपतो. दुसरा प्लायवुडचें कॅबिनेट स्वतः तयार करून त्यांत रास्पबेरी पायसारखा चिमुकला संगणक बसवितो व 'मेम' नामक प्रणालीच्या साहाय्यानें जुने खेळ चालवितो. तिसरा कारखान्यांतून तयार झालेलें, मूळाच्या तीनचतुर्थांश उंचीचें यंत्र घरीं आणून फक्त स्क्रू पिळतो. 'आर्केड वन अप' कंपनीनें २०१८ सालापासून अशीं यंत्रें बाजारांत आणलीं. या तिघांत मूळाशीं इमानी कोण, यावर छंदिष्टांत मोठे वाद चालतात. लांकूड मूळचें कीं नवें, पडदा नळीचा कीं सपाट, जॉयस्टिक त्याच घडणीची आहे कीं नाहीं, यांचा काथ्याकूट होतो. हे वाद क्षुल्लक आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. १९७९ च्या 'ॲस्टेरॉइड्स' या खेळांतील रेषा नळींतला किरण थेट पडद्यावर ओढीत असे. त्या रेषांचें तेज सपाट पडद्यावर तसेंच्या तसें उतरत नाहीं. परंतु या साऱ्या चर्चेंत एका वस्तूला मिळावें तितकें महत्त्व मिळत नाहीं, आणि ती वस्तु म्हणजे नाणें.

नाण्याचें महत्त्व काय हें थोडा इतिहास पाहिल्यास कळून येईल. १९७२ सालीं ॲटारी कंपनीच्या ॲलन अल्कॉर्न यांनीं तयार केलेलें 'पाँग' हें यंत्र कॅलिफोर्नियांतील सनीव्हेल येथील एका मद्यगृहांत ठेवण्यांत आलें. थोड्याच दिवसांत तें बंद पडल्याची तक्रार आली. उघडून पाहतां नाण्यांची पेटीच काठोकाठ भरून गेल्याचें आढळलें! या धंद्याचें भवितव्य त्या पेटींत दिसलें. पुढें १९७८ सालीं जपानच्या टायटो कंपनींतील तोमोहिरो निशिकादो यांनीं 'स्पेस इन्व्हेडर्स' रचला. त्यांत पांच रांगांतून पंचावन्न शत्रू खालीं उतरत येतात, आणि ते जसजसे कमी होतात तसतसे उरलेले अधिक वेगानें चालून येतात. थोडीं चित्रें हलवावीं लागल्यामुळें यंत्राचा वेग आपोआप वाढे. निशिकादो यांनीं हा दोष न काढतां त्याचाच गुण केला. एक तुकडी संपवावी तों दुसरी हजर होते. या खेळांत अखेरचा विजय म्हणून नाहींच. पराभव किती वेळ लांबवितां येतो एवढाच प्रश्न आहे.

हा शोकान्त घाट कोणा तत्त्वज्ञाच्या चिंतनांतून आलेला नाहीं. मालकाला डाव लवकर संपावयास हवा होता. खेळाडूला आपल्या नाण्याचा मोबदला हवा होता. या ओढाताणींतून जें निर्माण झालें त्याचा उत्तम नमुना म्हणजे तोरू इवातानी यांचा १९८० सालचा 'पॅक-मॅन'. त्यांतील चारही भुतांची पाठलाग करण्याची रीत वेगवेगळी आहे. नवशिक्याचा डाव अल्पावधींत आटोपतो; परंतु आपण कोठें चुकलों हें त्याला कळतें, आणि यंत्रानें फसविल्याची भावना सहसा होत नाहीं. एवढ्या थोड्या अवकाशांत आरंभ, संकट आणि अंत इतके नेटके बसविलेले आम्हांस एखाद्या चांगल्या लघुकथेंतच आढळतात.

आतां हेंच यंत्र घरीं आलें म्हणजे काय होतें तें पाहूं. मूळ यंत्रांच्या आंत बारीक खटके असत. डावाला किती जीव द्यावयाचे, किती गुणांवर एक जीव अधिक द्यावयाचा, हें मालक त्यांवरून ठरवी. त्यांतच 'फ्री प्ले', म्हणजे नाण्यावांचून खेळ, अशीही सोय कित्येक यंत्रांत असे. घरीं आलेल्या यंत्रावर हा फेरफार बहुधा लगेच होतो. मालक मनांत म्हणतो, आतां मनसोक्त खेळूं. पण चार दिवसांनीं तो अर्धा डाव टाकून उठूं लागतो, कारण टाकलेल्या डावाचें त्याला कांहींच वाटत नाहीं. १९८५ च्या 'गाँटलेट'ची गत तर याहून वाईट होते. त्यांत चौघे एकत्र खेळतात. प्रत्येकाची जीवनशक्ति क्षणोक्षणीं घटत असते आणि नाणें टाकलें कीं ती वाढते. येथें नाणें खेळाच्या दाराशीं नसून त्याच्या पोटांत आहे. घरीं नाण्याचा खटका वाटेल तितक्या वेळां दाबतां आला कीं मरणाची भीति जाते, आणि तिच्याबरोबर अन्न शोधण्याची व शत्रू चुकविण्याची धडपडही संपते.

यावर कोणी म्हणेल, "नाणें हा तर निव्वळ व्यापाऱ्याचा लोभ, त्याचें कौतुक कशाला? ज्या मुलाच्या खिशांत पैसा नव्हता तो कोपऱ्यांत ताटकळत उभा राही, हें विसरलांत काय?" हा आक्षेप खरा आहे, आणि 'गाँटलेट'पुरता तर तो आम्ही पूर्णपणें मान्य करतों. उलट आम्ही असें म्हणूं कीं घर हें या खेळांचें परीक्षागृहच होय. नाणें काढून घेतल्यावर 'पॅक-मॅन'ला नेम धरून खेळणारा खेळाडू उरतो, 'गाँटलेट'ला क्वचितच उरतो. यावरून लोभाला कलेचें रूप कोठें आलें आणि कोठें लोभ तसाच उघडा राहिला, हें कळतें. परंतु आमचा आग्रह पैशाचा नसून मर्यादेचा आहे. आपल्याच पेटींत पडणारें नाणें कोणाला गरीब करीत नाहीं. तें टाकण्याकरितां हात थांबतो, तेवढ्या विरामानें एक डाव संपून दुसरा सुरू झाल्याची जाणीव मात्र राहते.

दुसरी उणीव प्रेक्षकांची. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या पार्लरांत टोकन घेऊन असे खेळ खेळलेले वाचक आज चाळिशी-पन्नाशींत असतील. पाठीमागें उभ्या असलेल्या मुलांचे उसासे त्यांना अद्यापि आठवत असतील. अनेक यंत्रांत सर्वाधिक गुण मिळविणाराला आपल्या नांवाचीं तीन अक्षरें कोरतां येत. तीं अक्षरें अनोळखी माणसानें वाचावीं म्हणूनच लिहिलेलीं असत. घरच्या यंत्रावर वरपासून खालपर्यंत एकाच गृहस्थाचीं अक्षरें पाहिलीं म्हणजे आम्हांस स्वतःच्याच सभेंत अध्यक्ष झालेल्या वक्त्याची आठवण होते.

असें असूनही या छंदाला पोरखेळ म्हणून हिणविणाऱ्यांच्या पंक्तींत आम्ही बसणार नाहीं. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनीं १९९७ सालीं सुरू केलेल्या 'मेम' प्रणालीचा मुख्य हेतु जुन्या यंत्रांची रचना नोंदवून ठेवणें हा आहे. खेळतां येणें हा तिचा आनुषंगिक लाभ. त्या खेळांच्या स्वामित्वहक्कांचा प्रश्न मात्र शिल्लक राहतो, आणि सज्जन छंदिष्टानें तो दृष्टिआड करूं नये. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानें २०१२ सालीं 'पॅक-मॅन'ला आपल्या संग्रहांत घेतलें. परंतु त्याच्या कित्येक वर्षें आधीं सामान्य लोकांनीं आपल्या तळघरांत तें काम आरंभिलें होतें. हौशी रेडिओ चालविणारे, लहान आगगाड्यांचे रूळ मांडणारे यांच्याच जातीचीं हीं माणसें. वस्तु कशी चालते हें हातांनीं उलगडून पाहिल्यावांचून त्यांना चैन पडत नाहीं, आणि ही वृत्ति कोणत्याही विद्येला भूषणावहच आहे.

सार्वजनिक ठिकाणींही या प्रश्नाचीं दोन उत्तरें दिसतात. इलिनॉयमधील ब्रुकफील्ड येथील 'गॅलपिंग घोस्ट' आर्केडांत दाराशीं एकदां शुल्क भरलें कीं हवें तितकें खेळावें. न्यू हॅम्पशायरमधील लॅकोनियाच्या 'फनस्पॉट'मध्यें जुन्या यंत्रांच्या संग्रहालयांतही टोकन टाकावें लागतें. सोय पहिल्यांत अधिक. पण कृतीचें यथार्थ दर्शन दुसऱ्यांतच घडतें, असें आमचें मत आहे. म्हणून घरीं असें यंत्र मांडणाऱ्यांना आमची सूचना इतकीच कीं नाण्याची खाच बुजवूं नये. जवळ एका वाटींत मोजकीं नाणीं ठेवावीं आणि वाटी रिती झाली कीं त्या दिवसाचा खेळ संपला असें समजावें. शेजारच्या मुलांनाही बोलवावें, त्यांनाही त्याच वाटींतून सारखीं नाणीं द्यावीं आणि त्यांचीं अक्षरें आपल्या अक्षरांच्या वर चढूं द्यावीं. त्या मुलांना जुन्या दिवसांची आठवण असणार नाहीं. तरीही तीं पुन्हां खेळावयास आलीं, तर खेळ खरोखरच चांगला होता असें समजण्यास हरकत नाहीं.