मूल्यमापनाचे सूत्र आणि मूल्याची कारणे : शॅनन यांच्या बुद्धिबळविषयक निबंधाचा पुनर्विचार

(१)

क्लॉड शॅनन (१९१६–२००१) यांचा बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकाच्या आज्ञावलीवरील निबंध 'फिलॉसॉफिकल मॅगझिन' ह्या नियतकालिकाच्या मार्च १९५० च्या अंकात प्रसिद्ध झाला. त्याच्या एक वर्ष आधी, मार्च १९४९ मध्ये, न्यूयॉर्क येथील अभियंत्यांच्या अधिवेशनात तो सादर करण्यात आला होता. संगणकशास्त्राच्या इतिहासग्रंथांत ह्या निबंधाचा उल्लेख बहुधा एक खरी ठरलेली भविष्यवाणी म्हणून येतो. यंत्र बुद्धिबळ खेळू शकेल असे शॅनन यांनी सांगितले, आणि पुढे अर्ध्या शतकाच्या आत यंत्राने जगज्जेत्यास हरविले, अशी ही मांडणी असते. ही प्रशंसा खोटी नव्हे. परंतु ती अपुरी आहे, आणि तिच्यामुळे निबंधाचा गाभा झाकला जातो. पुढे घडलेल्या घटनेवरून एखाद्या विवेचनाची थोरवी ठरवावयाची झाली, तर ते विवेचन वाचण्याचे प्रयोजनच उरत नाही.

निबंध बारकाईने वाचला असता असे दिसून येते की, त्याचा वरवरचा विषय खेळ हा असला तरी खरा विषय मूल्यमापन हा आहे. संपूर्ण ज्ञान अशक्य असताना बऱ्यावाइटाचा निर्णय कसा करावा, आणि त्या निर्णयामागची कारणे कोणत्या भाषेत मांडावी, हा प्रश्न शॅनन यांनी असंदिग्ध स्वरूपात उभा केला. त्या प्रश्नाचे पहिले अर्ध पुढील संशोधनाने अपेक्षेबाहेर यशस्वी रीतीने सोडविले. दुसरे अर्ध मात्र सोडविले गेले नाही. ते मागे पडत गेले. हे कसे घडले आणि त्यात काय गमावले, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

(२)

शॅनन यांचे पहिले प्रतिपादन अशक्यतेविषयीचे आहे. सर्वसाधारण स्थितीत सुमारे ३० खेळ्या शक्य असतात; म्हणून पांढऱ्याची एक आणि काळ्याची एक अशी जोडी घेतली तर सुमारे १,००० पर्याय निर्माण होतात. डाव ४० खेळ्यांचा धरला, तर संभाव्य मार्गांची संख्या १ वर १२० शून्ये इतकी होते. एवढे मार्ग तपासणे कोणत्याही यंत्रास कोणत्याही काळी साधणार नाही.

ह्या गणितापेक्षा त्यामागचा तात्त्विक मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. तत्त्वतः पटावरील प्रत्येक स्थितीचे मूल्य तीनच प्रकारचे असू शकते : जिंकलेली, बरोबरीची किंवा हरलेली. दोन सर्वज्ञ खेळाडू समोरासमोर बसले, तर पटाकडे एकवार पाहून त्यांपैकी एक जण हार मानील, अथवा दोघे बरोबरी मान्य करतील, आणि एकही मोहरा न हलता डाव संपेल, अशी गमतीदार कल्पना शॅनन यांनी केली आहे. तिचे तात्पर्य गंभीर आहे. 'ही स्थिती किंचित बरी', 'ह्या बाजूकडे थोडा दाब आहे' अशा तरतम निर्णयांना सर्वज्ञांच्या जगात स्थान नाही. जेथे सर्व काही मोजता येत नाही, तेथेच मूल्यमापनाची गरज उत्पन्न होते. मूल्यमापन हे मर्यादित बुद्धीचे साधन आहे. आणि मर्यादित बुद्धीचे साधन म्हणूनच ते वादविषय होऊ शकते.

म्हणून शॅनन यांनी निर्णयाची दोन कामे निराळी केली. पुढे काय काय घडू शकेल ते काही खेळ्यांपर्यंत पाहणे, हा 'शोध'. आणि जेथे पाहणे थांबते तेथील स्थितीला अदमासाने एक संख्या देणे, हे 'मूल्यमापन'. मोहऱ्यांची मारामारी अर्ध्यावर असताना मूल्यमापन करू नये, स्थिती काहीशी निवळल्यावरच करावे, असा इशाराही त्यांनी दिला. अर्ध्या झटापटीत केलेली मोजदाद फसवी असते, हे तत्त्व आजतागायत ह्या शास्त्रात मानले जाते.

(३)

निबंधाचा सर्वांत वाचनीय भाग म्हणजे त्यातील नमुन्याचे मूल्यमापन-सूत्र. राजास २००, वजिरास ९, हत्तीस ५, उंट व घोडा ह्यांस प्रत्येकी ३ आणि प्याद्यास १ असे गुण देऊन दोन्ही बाजूंची वजाबाकी करावयाची. एकाच उभ्या पट्टीत एकामागे एक आलेली दुहेरी प्यादी, मागे राहिलेली प्यादी आणि एकाकी प्यादी ह्यांच्यासाठी प्रत्येकी अर्धा गुण कापावयाचा. आणि उपलब्ध असलेल्या प्रत्येक खेळीमागे एक-दशांश गुण द्यावयाचा.

ह्या सूत्रातील संख्या एकाच जातीच्या नाहीत, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. राजा वगळता डावाच्या आरंभी एका बाजूच्या सर्व मोहऱ्यांची बेरीज ३९ भरते. तेव्हा राजाचे २०० हे मोजमाप नव्हे. राजा गेला की सर्व गेले, हा खेळाचा नियमच तेथे संख्येचा वेष घेऊन आला आहे. वजीर, हत्ती, उंट, घोडा ह्यांचे गुण म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या खेळाडूंचा संचित अनुभव, म्हणजेच परंपरा होय. प्याद्यांविषयीचा अर्धा गुण हा पाठ्यपुस्तकांतील उपदेश आहे. आणि खेळींच्या संख्येवरील एक-दशांश गुण ही एक कल्पना आहे : ज्याला हालचालीस अधिक वाव, त्याची स्थिती अधिक चांगली. नियम, परंपरा, उपदेश आणि कल्पना ह्या चार निरनिराळ्या प्रामाण्यांना शॅनन यांनी एका तागडीत घातले आणि त्यांचा एकमेकांशी विनिमय शक्य मानला. दहा जादा खेळींचा वाव म्हणजे एक प्यादे, असे हे सूत्र अप्रत्यक्षपणे सांगते.

येथेच सूत्राचा दोष आहे. बेरजेने साधणारे मूल्य संदर्भ ओळखत नाही. घोड्याची किंमत पट किती बंदिस्त आहे ह्यावर अवलंबून असते, उंटाची किंमत प्यादी कोणत्या रंगाच्या घरांवर अडकली आहेत ह्यावर. परंतु सूत्रात दोघांनाही सदैव तीनच गुण मिळतात. शॅनन यांना ह्याची जाणीव होती. सूत्र केवळ उदाहरणादाखल आहे असे सांगून त्यांनी परिशिष्टात आणखी अनेक घटकांची यादी दिली. तथापि यादी वाढविल्याने बेरजेचा दोष जात नाही, तो केवळ लांबणीवर पडतो.

असे असूनही सूत्राचा एक गुण ह्या दोषाहून मोठा ठरतो, आणि तो म्हणजे ते वाचता येते. त्याच्या प्रत्येक पदास नाव आहे, प्रत्येक नावामागे कारण आहे, आणि प्रत्येक कारणाशी असहमत होता येते. निबंधाच्या आरंभी शॅनन यांनी केंपेलेन ह्याच्या अठराव्या शतकातील प्रसिद्ध बुद्धिबळ-यंत्राचा उल्लेख केला आहे. त्या पेटीत माणूस लपलेला होता. शॅनन यांच्या सूत्रातही माणूस आहे. पण तो उघडपणे बसला असून त्याला जाब विचारता येतो.

(४)

शोधाच्या दोन पद्धती शॅनन यांनी कल्पिल्या. पहिलीत सर्व खेळ्या ठरावीक खोलीपर्यंत सरसकट तपासावयाच्या. दुसरीत निवडक खेळ्याच घेऊन त्यांचा पाठपुरावा दूरवर करावयाचा. पहिलीविषयी त्यांचे मत प्रतिकूल होते. दोन्ही बाजूंच्या तीन-तीन खेळ्या पाहावयाच्या तर सुमारे १०० कोटी स्थितींचे मूल्यमापन करावे लागेल, आणि एका स्थितीस एक मायक्रोसेकंद धरला तरी एका खेळीस १६ मिनिटांहून अधिक वेळ लागेल, असा त्यांचा हिशेब होता. उलट डी ग्रूट ह्या डच मानसशास्त्रज्ञाच्या अभ्यासातील एका निष्णात खेळाडूने १६ मार्ग आणि अवघ्या ४४ स्थिती विचारात घेतल्या होत्या. म्हणून यंत्रानेही निवड करण्यास शिकावे, असा शॅनन यांचा कल होता.

इतिहासाने काही काळ ह्या कलाच्या विरुद्ध निकाल दिला. निरुपयोगी फाटे निकालात न चुकता वगळण्याच्या युक्त्या सापडल्या, यंत्रे वेगवान झाली, आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील आज्ञावलीकारांनी १९७३ च्या 'चेस ४.०' मध्ये निवडीची पद्धत सोडून सरसकट शोधाची पद्धत स्वीकारली. मे १९९७ मध्ये आय. बी. एम. च्या 'डीप ब्लू'ने गॅरी कास्पारोव्ह ह्यांचा साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी पराभव केला, तेव्हा ते यंत्र सेकंदास २० कोटी स्थितींपर्यंत मजल मारीत होते. त्याच्या मूल्यमापनात सुमारे ८,००० घटक होते. ह्या आकड्याकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. प्रत्येक घटक स्वतंत्रपणे पाहिल्यास अर्थपूर्ण आहे. परंतु आठ हजार कारणांची बेरीज हे कारण म्हणून कोणासही समजून घेता येत नाही. वाचनीयता तत्त्वतः टिकली, पण व्यवहारात ती येथेच दुर्बल झाली होती.

(५)

दुसऱ्या दिशेने झालेला बदल अधिक मूलगामी आहे, आणि त्याचे बीजही शॅनन यांच्याच निबंधात आहे. शेवटच्या भागात, काहीशा संकोचाने, ते एक शक्यता सुचवितात : खेळलेल्या डावांच्या निकालांवरून सूत्रातील पदे व गुणक बदलणारी एक वरिष्ठ आज्ञावली असू शकेल. ही पद्धत त्यांना तेव्हा व्यवहार्य वाटली नव्हती.

आर्थर सॅम्युएल यांनी १९५९ च्या आपल्या निबंधात चेकर्स ह्या सोप्या खेळापुरती ती व्यवहार्य करून दाखविली. त्यांच्या आज्ञावलीत ३८ पदांचा साठा होता. त्यांपैकी १६ पदे एका वेळी वापरात असत, आणि कोणते पद ठेवावे व त्यास किती वजन द्यावे हे अनुभवावरून यंत्र ठरवी. येथे श्रमाची विभागणी लक्षणीय आहे : गुणक यंत्राचे, पण शब्द माणसाचे. यंत्राने एखाद्या पदास अधिक वजन दिले, तर त्यातून माणसाला काही शिकता येत होते, कारण त्या पदाचा अर्थ त्याला आधीच ठाऊक होता.

२०१७ मध्ये जाहीर झालेल्या आणि २०१८ मध्ये 'सायन्स' ह्या नियतकालिकात सविस्तर वर्णिलेल्या 'अल्फाझीरो' ह्या आज्ञावलीने ही विभागणीही मोडली. तिला केवळ खेळाचे नियम दिले होते; स्वतःशी असंख्य डाव खेळून तिच्या न्यूरल नेटवर्कने मूल्यमापनही शिकून घेतले आणि खेळ्यांची निवडही. ती सेकंदास सुमारे ६० हजार स्थिती पाही, तर तिचा प्रतिस्पर्धी 'स्टॉकफिश' सुमारे ६ कोटी. तरीही तिने स्टॉकफिशवर मात केली. शॅनन यांचा निवडीकडील कल अशा रीतीने अखेर समर्थनीय ठरला. मात्र ज्या निवडीची त्यांनी कल्पना केली होती ती सांगता येण्याजोग्या निकषांवर आधारलेली होती. ही निवड तशी नाही.

पुढील दोन घटना बाह्यतः किरकोळ, परंतु अर्थाच्या दृष्टीने मोठ्या आहेत. स्टॉकफिशच्या २०२२ मधील १५.१ ह्या आवृत्तीत मूल्याचे एकक बदलण्यात आले : अधिक एक म्हणजे एका प्याद्याचे आधिक्य, हा अर्थ जाऊन जिंकण्याची शक्यता निम्मी, हा अर्थ आला. पटावर बोट ठेवून दाखविता येणाऱ्या वस्तूची जागा संभाव्यतेने घेतली. नंतर फेब्रुवारी २०२४ मधील १६.१ ह्या आवृत्तीतून हाताने लिहिलेले मूल्यमापन पूर्णपणे काढून टाकण्यात आले. शॅनन यांच्यापासून चालत आलेली एक लेखनपरंपरा ह्या प्रमुख आज्ञावलीपुरती तेथे संपली.

(६)

ह्यावर असा आक्षेप घेतला जाईल की, थोर खेळाडूलाही आपल्या निर्णयाची सर्व कारणे सांगता येत नाहीत. मग यंत्राकडूनच ती अपेक्षा का करावी? आक्षेपात तथ्य आहे. परंतु थोर खेळाडू आणि त्याचा टीकाकार ह्यांची भाषा एक असते. त्याने सांगितलेले कारण अपुरे असेल, प्रसंगी चुकीचेही असेल. तरी ते खोडून काढता येते, आणि त्या खोडून काढण्यातून खेळाचे ज्ञान वाढते. ज्या निर्णयाला केवळ संख्या आहे, त्याच्याशी सहमत होता येते किंवा हरता येते. वाद घालता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की, न्यूरल नेटवर्कही अभ्यासाने वाचता येईल. ह्या दिशेने खरोखर प्रयत्न झाले आहेत. अल्फाझीरोने आत्मसात केलेल्या ज्ञानाविषयीचा एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. माजी जगज्जेते व्लादिमीर क्रामनिक हे त्याच्या लेखकांपैकी एक होते. मानवी खेळाडूंच्या अनेक संकल्पना त्या नेटवर्कमध्ये ओळखता येतात, असे त्यात दाखविण्यात आले. परंतु ह्या ओळखीसाठी जे मापदंड वापरले गेले, त्यांतील पुष्कळसे स्टॉकफिशच्या आठव्या आवृत्तीतील हाताने लिहिलेल्या मूल्यमापनातून घेतलेले होते. म्हणजे पराभूत आज्ञावलीचे शब्द घेऊनच विजयी आज्ञावली वाचावी लागली. आक्षेपाचे उत्तर ह्या अभ्यासातच आहे : वाचण्यासाठी शब्द लागतात, आणि ते आधी कोणी तरी कारणांसह लिहून ठेवलेले असावे लागतात.

ह्यावरून शॅनन यांच्या निबंधाचे स्थान पुन्हा ठरविता येते. खेळाडू म्हणून त्यांचे सूत्र दुर्बल होते. मूल्याची कल्पना म्हणून ते सदोष होते. कारण त्याने सर्व मूल्ये एका संख्येत मिसळली, आणि ती संख्या जुळवीत राहण्याचा मार्ग खुला ठेवला. निकालाने गुणक ठरवावेत ही सूचना एकदा मान्य केली की कारणांची गरज क्रमाक्रमाने संपत जाते, हा परिणाम त्यांनी तपासला नाही, आणि निबंधाची ही खरी उणीव होय. परंतु निर्णयाचे विधान म्हणून ते सूत्र अद्यापि अनुकरणीय आहे, कारण आपण काय मोजतो, किती मोजतो आणि का मोजतो हे ते एका परिच्छेदात सांगते.

बुद्धिबळात ह्या हानीची किंमत थोडी आहे. पटावरील हार-जीत निर्विवाद असते, आणि निकाल हाच तेथे अंतिम पुरावा असतो. परंतु ज्या क्षेत्रांत निकाल इतका स्पष्ट नसतो, जेथे विद्यार्थ्याची पात्रता, कर्ज मागणाऱ्याची पत किंवा एखाद्या लेखनाची गुणवत्ता ठरवावयाची असते, तेथे हीच पद्धत उचलली जात असता कारणांचा अभाव हा दोषच ठरतो. कारण तेथे 'जिंकणे' म्हणजे काय हेच वादग्रस्त असते. आज्ञावली लिहिणाऱ्या अभ्यासकाने शॅनन यांचे सूत्र एकदा स्वतःच्या हाताने लिहून, त्यातील प्रत्येक संख्येस कारण विचारून पाहावे. ते सूत्र आज कोणासही हरविणार नाही. पण मूल्य देणाऱ्याने कारण देण्यास बांधलेले असावे, ही शिस्त त्यापासून अद्यापि शिकता येते.