क्रिस्तपुराण : आपल्या कथा, दुसऱ्याच्या मुखी

मराठी माणसाच्या कानी ख्रिस्ती धर्म गोष्टीरूपाने घालण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांत फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ सर्वांत मोठे. आपल्यापैकी जे मराठी शाळेत शिकले त्यांना, मोगऱ्याची उपमा देऊन मराठीची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या आठवत असतील. बहुतेकांची या ग्रंथाशी ओळख तेवढ्यावरच थांबते. वास्तविक बेने इस्राएल वाचकाने तो पुढे वाचला पाहिजे, कारण त्याचे पहिले पुराण म्हणजे आपल्याच तनाखच्या कथा आहेत.

स्टीफन्स हा इंग्रज जेस्वीट पाद्री 1579 साली गोव्यात उतरला आणि साष्टीत राहून तेथील लोकांची भाषा शिकला. 1616 साली रायतूरला त्याचा ग्रंथ छापला गेला, तोही रोमन अक्षरांत, कारण मराठीचे खिळे नव्हते. एकंदर सुमारे अकरा हजार ओव्या. पहिल्या पुराणाचे 36 अवस्वरू, म्हणजे अध्याय, आणि दुसऱ्याचे 59. लिहिता-वाचता येणारे तेव्हा किती असणार? म्हणून ही पोथी देवळात मोठ्याने वाचली जाई आणि लोक बसून ऐकत.

ऐकण्यासाठी रचलेला ग्रंथ म्हणून त्याची बांधणी उत्तम आहे. आरंभी वंदन, मग कथा, मध्येच श्रोत्याचा प्रश्न आणि त्याला गुरूचे उत्तर. ओवी लहान आणि यमक असलेली, त्यामुळे कानात राहते. परदेशी माणसाने हे साधले याचे कौतुक केलेच पाहिजे. उपदेश आधी आणि गोष्ट मागून, अशी चूक पुष्कळ धर्मप्रचारक करतात. स्टीफन्सने ती केली नाही. गोष्ट रंगली की उपदेश तिच्या मागून चालत येतो, हे त्याला ठाऊक होते. आम्हा शिक्षकांनाही हे वर्गात उभे राहिल्यावरच कळते.

माझे पहिले गाऱ्हाणे कथेबद्दल आहे. या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासून पुढच्या सर्व कथा एका तारणाऱ्याची वाट पाहत उभ्या आहेत. अव्राहम आवीनू, मोशे राबेनू, दाविद राजा हे जणू दुसऱ्याच्या घराच्या पायऱ्या. अकेदाची कथा घ्या. ख्रिस्ती परंपरेत इस्हाक म्हणजे क्रूसाची पूर्वसूचना. आपल्याकडे त्या कथेचा प्राण सुरी थांबली यात आहे. मुलगा जिवंत घरी आला आणि मेंढ्याच्या शिंगाची आठवण रोश हशानाला शोफारमधून आजही निघते. एलियाहू हन्नावीचेही तसेच. ख्रिस्ती कथेत तो कोणाच्या तरी आधी येणारा दूत आहे. आपल्या मलिद्याला तो स्वतः येतो आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाची खूण आपले लोक दाखवतात. गोष्टीचा शेवट आधी ठरवून ठेवला की मधली माणसे लहान होतात.

दुसरे गाऱ्हाणे अधिक जड आहे. पहिल्या पुराणाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण गुरूला विचारतो, की आमची जुनी पुराणे तर तुम्ही बंद केली, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरी का देत नाही? हा प्रश्न ग्रंथकाराने लपवला नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा. पण या एका प्रश्नात त्या काळचा गोवा उभा राहतो. तेथे 1560 पासून इन्क्विझिशन चालू होते. ज्यू कुळातला वैद्य गार्सिया द ओर्ता, ज्याने हिंदुस्थानच्या औषधी वनस्पतींवर 1563 साली ग्रंथ छापला, तो 1568 साली वारला. पुढच्या वर्षी त्याची बहीण जिवंत जाळली गेली आणि 1580 साली त्याचीही हाडे उकरून जाळली. स्टीफन्स येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. हे त्याने केले असे मी म्हणत नाही. पण ज्या भूमीवर लपून शब्बाथ पाळणाऱ्याला आग होती, तेथेच मोशे राबेनूची कथा गोड ओव्यांत ऐकवली जात होती, हे विसरून त्या ग्रंथाचे गोडवे गाता येत नाहीत. श्रोत्याला उठून जाण्याची मोकळीक नसेल, तर गोष्ट कितीही गोड असो, ती निम्मीच सांगितली गेली.

मोकळीक असली म्हणजे काय होते, हे आपल्या इतिहासात दिसते. मुंबईत जॉन विल्सनने 1832 साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. अमेरिकन मिशनच्या शाळांत आपली माणसे शिकली आणि शिकवूही लागली. मिशनऱ्यांचा हेतू उघड होता. आपल्या वाडवडिलांनी अक्षरे घेतली, व्याकरण घेतले, आभार मानले आणि शब्बाथला घरी गेले. ख्रिस्ती झाले ते अगदी थोडे. पुढे 1880 च्या सुमारास आपल्या लोकांनी हिंदू कीर्तनाचा साचा उचलून अव्राहम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठीत लावली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन केले, आणि त्यांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. साचा एकच, देव ज्याचा त्याचा. यात कोणाचे काही हिरावले गेले नाही, म्हणून ती कीर्तने आजही मोकळ्या मनाने ऐकावीशी वाटतात.

आता आपल्यापुरते. आपली नातवंडे तोरा हिब्रूत वाचतात, ही आनंदाचीच गोष्ट. पण ती कथा मराठीत, टाळ वाजवून, अभंगाच्या चालीवर कशी सांगत, हे त्यांनी ऐकले आहे का? ज्यांना आख्याने पाठ आहेत त्यांनी ती नातवंडांकडून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घ्यावीत आणि अर्थ हिब्रूत सांगावा. मुलांनी मध्येच प्रश्न विचारले तर थांबावे आणि उत्तर द्यावे. कंटाळून उठली तर उठू द्यावे. गोष्ट चांगली असेल तर परत येतील.

आणि क्रिस्तपुराणाची देवनागरी प्रत हाती लागली, तर पहिले पुराण जरूर वाचा. शेजारी आपला तनाख उघडा ठेवा. स्टीफन्सची मराठी त्याच्याकडून घ्या. कथेचा शेवट आपल्या पुस्तकात पाहा.