सूर तयार, शब्द पाठ केलेले

केजन अकॉर्डियनला बटणं फक्त दहा. भाता दाबताना बटण एक सूर देतं आणि ओढताना दुसरा. त्यामुळे वाजवताना हाताला सतत हिसके बसतात आणि ते हिसके गाण्यात उतरतात. ही आपल्या पेटीची युरोपीय चुलतबहीण. पण पेटी आपल्याकडे गायकीच्या मागून चालायला शिकली. अमेरिकेतल्या लुइझियानात, केजन लोकांकडे, मात्र जुन्या फिडलच्या चालींनाच या दहा बटणांत अंग चोरून बसावं लागलं. त्यात काही बारकावे गेले, पण नाचायला भाग पाडणारा जोर आला.

१७५५ पासून ब्रिटिशांनी अकेडियातून, म्हणजे आजच्या नोव्हा स्कॉशियाच्या परिसरातून हाकललेल्या फ्रेंचभाषक शेतकऱ्यांचे वंशज म्हणजे हे केजन. अर्थात संगीत एकट्या त्यांचं नव्हे. कृष्णवर्णीय क्रिओल अकॉर्डियनवादक आमेदे आर्डवाँ याने गोऱ्या डेनिस मॅगीच्या फिडलसोबत १९२९ मध्ये ध्वनिमुद्रणं केली. आजचा अकॉर्डियनवादक कळत नकळत त्याच्याच वळणाने वाजवतो. केजनचा गौरव करताना हे ऋण फार पुटपुटत मान्य केलं जातं.

आजचं वादन उत्तम आहे. १९६४ मध्ये केजन वादक ड्यूई बाल्फा न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात वाजवून आला आणि जे घरात लाजिरवाणं वाटत होतं, त्याला बाहेरून टाळ्या मिळाल्या. तेव्हापासून तरुण वादकांची रीघ थांबलेली नाही.

दुखणं शब्दांचं आहे. १९२१ च्या राज्यघटनेने लुइझियानातल्या शाळांत इंग्रजी सक्तीची केली. फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत. त्यांनी पुढे आपल्या मुलांशी फ्रेंच बोलणंच सोडलं. १९६८ मध्ये राज्याने फ्रेंचच्या जपणुकीसाठी परिषद नेमली खरी, पण तोवर घरातली साखळी तुटली होती. आता अनेक गायक विरहाची गाणी उच्चार घोकून म्हणतात. चूक होत नाही, पण ओळीतला शब्द बदलून बघण्याची मुभाही उरत नाही. जुनीच गाणी पुन्हापुन्हा ऐकू येतात, त्याचं मला दिसणारं मुख्य कारण हेच.

स्वयंपाकाची गत निराळी. त्याला भाषा लागत नाही. तेलात पीठ खरपूस परतून केलेला रू आणि कांदा, सेलरी, ढोबळी मिरची हे त्रिकूट घरोघरी टिकून आहे. बाहेर मात्र केजन म्हणजे नुसता तिखट मसाला झाला. आपल्याकडचे ‘केजन पोटॅटो’ त्याच वंशातले.

गाण्याला मात्र जिवंत भाषा लागते. म्हणून लॉस्ट बायू रॅम्बलर्ससारखे गट मला महत्त्वाचे वाटतात. फ्रेंचमध्ये गातच ते या संगीताला रॉकचा कर्कशपणा देतात. २०१८ मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं. तेही प्रादेशिक मूळ संगीताच्या सरमिसळ विभागात, कारण झायडेको (कृष्णवर्णीय क्रिओलांचं संगीत) आणि केजनचा स्वतंत्र विभाग चारच वर्षं चालून बंद झाला होता. त्यांचा गोंगाट मला सगळीकडे रुचत नाही. तरीही काचेच्या कपाटातल्या सुबक वॉल्ट्झपेक्षा तो बरा.

ऐकायला सुरुवात करायची तर आर्डवाँपासून करा. ध्वनिमुद्रण खरखरतं आहे, दोनदा ऐका.