टेरर, द

टेरर, द : आर्थर मॅकन (१८६३–१९४७) ह्या वेल्श लेखकाची इंग्रजी भयकादंबरिका. १९१६ मध्ये लंडनच्या ईव्हनिंग न्यूज ह्या सायंदैनिकातून ती क्रमशः प्रसिद्ध झाली व १९१७ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. गूढ मृत्यू, माणसांचे अकस्मात नाहीसे होणे आणि प्राण्यांचे विपरीत वर्तन ह्या सूत्रांभोवती तिचे कथानक गुंफलेले आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात, वेल्सच्या पश्चिम टोकाकडील मायरिअन ह्या परगण्यात ही कथा घडते. एक लहान मूल घराबाहेर पडते व परत येत नाही. कड्यांखाली आणि दलदलीत प्रेते सापडू लागतात. एका झोपडीतील सारे कुटुंब दाराबाहेरच मरून पडलेले आढळते. दुसरीकडे एका वैमानिकाचे विमान कबुतरांच्या थव्यामुळे कोसळते व दारूगोळ्याच्या कारखान्यांतील मृत्यूंविषयी शासन मौन पाळते. डॉ. लुइस हा स्थानिक वैद्य ह्या घटनांची संगती लावू पाहतो. हे सारे बळी पशुपक्ष्यांनी आणि कीटकांनी घेतले आहेत, हे अखेरीस उघड होते.

निवेदनासाठी मॅकनने वार्ताहराच्या वृत्तांताची शैली योजली आहे व तीमागे त्याचा स्वतःचा अनुभव आहे. १९१० पासून तो ईव्हनिंग न्यूजमध्ये काम करीत होता. २९ सप्टेंबर १९१४ रोजी त्याच पत्रात आलेली त्याची ‘द बोमेन’ ही काल्पनिक कथा अनेकांनी खरी मानली आणि तीतून माँसच्या लढाईतील देवदूतांची आख्यायिका रूढ झाली. अधिकृत वार्ता अपुऱ्या असल्या, की लोकमानस ती पोकळी कल्पनेने भरून काढते, हे त्याने जवळून पाहिले होते. द टेररमध्ये ह्याची दुसरी बाजू दिसते : येथे घटना खऱ्या आहेत, पण वृत्तनियंत्रणामुळे त्या एकमेकींशी जोडल्या जात नाहीत. प्रत्येक गावाला आपलेच संकट ठाऊक असते. त्यामुळे भीती वाढते आणि उलगडा मात्र लांबतो. युद्धकालीन गुप्ततेचा कथारचनेसाठी इतका नेमका उपयोग करणारी ही एक लक्षणीय कृती होय.

रहस्याची मांडणीही प्रामाणिक आहे. प्राण्यांच्या बदललेल्या वर्तनाच्या खुणा लेखक प्रारंभापासून उघडपणे देतो. तरीही वाचक त्यांकडे दुर्लक्ष करतो. कारण कथेतील माणसांप्रमाणेच तोही अपराधी शोधतो तो माणसांतच. जर्मन सैनिक इंग्लंडच्या भूमीखाली दडून बसले आहेत, शत्रूजवळ दुरून मारणारे अदृश्य किरण आहेत, असे तर्क पात्रे गंभीरपणे लढवितात. हे तर्क चुकीचे ठरतात. पण त्यांतून युद्धज्वराने पछाडलेल्या समाजाचे चित्र उमटते. परस्परांच्या संहारात गुंतलेल्या माणसाला आपल्या गोठ्यातील जनावराचा संशय येत नाही, ह्या उपरोधावरच कथेची उभारणी झाली आहे.

ट्रेफ लॉइन ह्या शेतवाडीचा प्रसंग हा कादंबरिकेचा कळस म्हणता येईल. विहीर हाकेच्या अंतरावर असताना तेथील माणसे तहानेने मरतात. त्यांच्याबरोबर अडकलेल्या सेक्रेटन ह्या चित्रकाराच्या हस्तलिखितातून ही कोंडी कळते. तहानेने भ्रमिष्ट होत गेलेल्या ह्या माणसाच्या लेखनात निरीक्षण व आभास ह्यांची सरमिसळ झालेली आहे. नेहमीच्या अंगणाला आलेले हे परकेपण कोणत्याही पिशाचापेक्षा अधिक भयकारक वाटते.

कादंबरिकेचा शेवट मात्र तितका समर्थ नाही. युद्धातील द्वेषाचा संसर्ग प्राण्यांना झाला असावा, ही शक्यता प्रथम मांडली जाते. मग निवेदक दुसरे कारण पुढे करतो : मनुष्याचे सृष्टीवरील राज्य त्याच्या आत्मिक श्रेष्ठतेवर उभे होते, ती त्याने टाकून दिली, तेव्हा प्रजेने बंड केले. भौतिकवादाला मॅकनचा आयुष्यभर विरोध होता आणि हे स्पष्टीकरण त्याच्या श्रद्धेशी सुसंगत आहे. तथापि ते कथेतून उमलत नाही, तर प्रवचनासारखे वरून जोडले जाते. हायरोग्लिफिक्स (१९०२) ह्या समीक्षाग्रंथात मॅकनने अलौकिक आनंदावेश ही श्रेष्ठ साहित्याची कसोटी मानली होती. त्या कसोटीवर हा उपसंहार उतरत नाही. कारण तो गूढाचा अनुभव देण्याऐवजी त्याचा अर्थ सांगतो.

ह्या उपपत्तीत आणखी एक उणीव आहे. बंड प्राण्यांचे असले, तरी त्याचे कारण सर्वस्वी माणसाच्या पतनात शोधले आहे; प्राण्यांची स्वतःची अशी तक्रार तीत नाही. ज्या महायुद्धात लाखो घोडे व खेचरे राबविली व मारली गेली, त्याच्या पार्श्वभूमीवर ही उणीव विशेष जाणवते. सृष्टी म्हणजे राजा व प्रजा, ही लेखकाची मूळ धारणा अखेरपर्यंत अबाधित राहते. पात्रचित्रणही जुजबी असून डॉ. लुइस वगळता बहुतेक पात्रे मतांची वाहकेच वाटतात.

डॅफ्नी द्यू मॉरिएच्या ‘द बर्ड्स’ (१९५२) ह्या कथेशी तुलना केल्यास हा मुद्दा स्पष्ट होतो. तीत पक्ष्यांच्या हल्ल्याचे कारण सांगितलेले नाही; तिच्यावर आधारलेल्या ॲल्फ्रेड हिचकॉकच्या चित्रपटातही (१९६३) ते अनुत्तरितच राहते. मॅकनने उत्तर दिले आणि भयाची धार कमी केली. मात्र ते उत्तर देताना त्याने एक नैतिक प्रश्नही उभा केला : माणसाला इतर जीवांवर सत्ता गाजविण्याचा अधिकार कशामुळे मिळतो व तो कायम राहतोच काय? कथेतील उत्पात ओसरतो. पण तो पुन्हा उद्‍भवू शकेल, ही शंका निवेदक खुली ठेवतो. एच. पी. लव्हक्राफ्टने अद्‍भुत साहित्यावरील आपल्या दीर्घ निबंधात (१९२७) ह्या कृतीची दखल घेतली आहे. द ग्रेट गॉड पॅन (१८९४) किंवा द हिल ऑफ ड्रीम्स (१९०७) ह्या मॅकनच्या कृतींची भाषासमृद्धी तीत नाही. परंतु पर्यावरणाचा विध्वंस हा चिंतेचा विषय झाल्यानंतरच्या वाचकाला, ह्या साध्या वृत्तांतवजा कथेतील प्रश्नच अधिक जवळचा वाटण्याचा संभव आहे.