'युकिगुनी'मधील पाहुणा : गरम झऱ्याच्या एका गावाचे वाचन

प्रस्तावना :

जपान मराठी वाचकाच्या जवळ आला तो मुख्यतः प्रवासवर्णनांतून. प्रभाकर पाध्ये यांचे 'तोकोनोमा' आणि पु. ल. देशपांडे यांचे 'पूर्वरंग' (१९६३) ही या परंपरेतील ठळक नावे होत. प्रवासवर्णनात पाहणारा हा पाहुणा असतो आणि गाव त्याच्या नजरेत मावेल तेवढेच वाचकापर्यंत पोहोचते. यासुनारी कावाबाता यांची 'युकिगुनी' म्हणजे 'हिमप्रदेश' ही कादंबरी या पाहुण्यालाच पात्र करते. त्यामुळे पाहुण्याच्या नजरेची परीक्षा कशी होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गाव आणि पाहुणा :

निगाता प्रांतातील युझावा येथे कावाबाता १९३४ पासून अनेकदा राहिले. कादंबरीचे भाग १९३५ पासून नियतकालिकांतून आले, १९३७ मध्ये पुस्तक निघाले आणि १९४८ मध्ये तिला अंतिम रूप मिळाले. कादंबरीत मात्र गावाचे नाव कोठेही येत नाही. १९३१ साली डोंगरातून रेल्वेचा बोगदा खुला झाला आणि टोकियोचा माणूस या बर्फाच्या मुलखात सहज येऊ लागला. कथेचा आरंभही बोगद्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीनेच होतो. म्हणजे गावाचे सौंदर्य आणि तेथपर्यंतची सोय या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कथेत प्रवेश करतात.

आपल्याकडील उनपदेव, उनकेश्वर किंवा वज्रेश्वरी येथील गरम कुंडांशी देवदर्शन आणि व्याधिमुक्तीची श्रद्धा निगडित आहे. जपानमध्येही उपचारासाठी झऱ्याकाठी मुक्काम करण्याची जुनी प्रथा आहे. परंतु शिमामुरा हा नायक पुण्यासाठी येत नाही आणि उपचारासाठीही येत नाही. वडिलार्जित संपत्तीवर जगणारा हा गृहस्थ पाश्चात्त्य बॅले नृत्यावर लेख लिहितो, पण ते नृत्य त्याने प्रत्यक्ष कधीच पाहिलेले नाही. दुरून पाहण्यातच ज्याला सुख आहे, असा हा मनुष्य आहे. कावाबातांनी ही माहिती सहज दिल्यासारखी दिली असली तरी पुढील सर्व व्यवहाराची किल्ली तीच आहे.

'व्यर्थ श्रम' कोणाचे? :

कोमाको ही या गावातील गेशा. मराठी वाचकाला येथे कलावंतीण आठवणे स्वाभाविक आहे. मात्र दोन्ही संस्थांचा इतिहास भिन्न असल्याने हे साम्य फार ताणू नये. कोमाको लहान वयापासून रोजनिशी लिहिते. वाचलेल्या कथा-कादंबऱ्यांची व त्यांतील पात्रांची टिपणे ठेवते. गुरू जवळ नसताना स्वरलिपीवरून एकटीच शामिसेन वाजवायला शिकते. शिमामुराला हे सारे व्यर्थ श्रम वाटतात. तिचे आपल्यावरील प्रेमही त्याच सदरात जमा करून तो मोकळा होतो.

तथापि ती शामिसेन वाजवते तेव्हा तोच शिमामुरा अंतर्बाह्य हादरतो. ज्याला तो व्यर्थ म्हणतो त्याची शक्ती त्याच्या अंगावर येते. त्याचा निवाडा चुकीचा आहे, असे लेखक कोठेही सांगत नाही. पुरावा समोर ठेवून तो बाजूला होतो.

चिजिमीचे वस्त्र :

कादंबरीच्या उत्तरार्धात 'चिजिमी' या तलम कापडाचे दीर्घ वर्णन येते. बर्फाने कोंडलेल्या महिन्यांत डोंगरातील मुली ते विणीत व बर्फावर पसरून शुभ्र करीत. शिमामुरा आपली जुनी वस्त्रेही दरवर्षी याच मुलखात शुभ्र करण्यासाठी पाठवतो. उन्हाळ्यात अंगाला मिळणारा गारवा त्याचा. ते विणणाऱ्या मुलींची नावे मात्र कोणाला ठाऊक नाहीत. कोमाकोपासून दूर होण्याच्या विचारात असतानाच तो या विणकरांची गावे पाहण्यास निघतो, हे विशेष अर्थपूर्ण आहे. श्रमाचे फळ हवे, श्रम करणाऱ्या माणसाचा भार नको, ही त्याची वृत्ती येथे उघड होते.

एक आक्षेप :

कादंबरी स्वतःच कोमाकोला सौंदर्यवस्तू करते, असा आक्षेप घेता येईल. त्यात तथ्य आहे. निवेदन शिमामुराच्या नजरेची चौकट सोडत नाही. तो टोकियोला परतला की कोमाकोचे महिनेही कथेतून पुसले जातात आणि पुढील भेटीत तिच्या बोलण्यातून तुकड्यातुकड्याने कळतात. ही कादंबरीची मर्यादा होय. परंतु हे रिकामे महिने सजग वाचकाला जाणवतात आणि पाहुण्याला काय दिसले नाही, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

समारोप :

बुलढाणा जिल्ह्यातील वाचकाला हा प्रश्न परका नाही. लोणारच्या विवराकाठी आपणही पाहुणे म्हणून जातो, धारेखाली स्नान करतो, काठावरून सरोवर पाहतो आणि संध्याकाळी परततो. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा दूरदूरच्या लोकांना लोणार आठवले; त्याच वर्षी सरोवराला रामसर दर्जाही मिळाला. अशा स्थळांवरील आपले लेखन बहुधा विवराचा व्यास, पुराणातील लवणासुर आणि सूर्यास्त यांपाशी थांबते. काठावर बारा महिने राहणारी, पाहुण्यांसाठी रांधणारी, दुकान मांडणारी माणसे त्यात क्वचितच बोलतात. 'युकिगुनी' वाचल्यानंतर स्थलवर्णनाकडे केवळ भाषासौंदर्याच्या कसोटीने पाहता येत नाही. पाहुणा निघून गेल्यावर त्या गावात कोण उरते, हेही मराठी समीक्षेने प्रवासवर्णनाला विचारले पाहिजे.