चकाकीखालचा तळ

कार्लो रीवा यांनी १९६२ मध्ये इटलीतील सार्निको येथे साकारलेल्या ‘ॲक्वारामा’ या महोगनीच्या मोटरबोटीचे कौतुक बहुधा वार्निशपाशीच थांबते. सिनेरामाच्या रुंद पडद्याची आठवण देणारे नाव, समोरची वक्र काच, हे सारे मोहक खरेच! पण बोटीच्या आरेखनाची ही पारख आम्हांला अपुरी वाटते.

वेग वाढला की अशी बोट पाणी कापत जात नाही. तिचा तळ पाण्याला खाली ढकलतो, आणि प्रतिक्रियेने ती वर उचलली जाऊन पाण्यावरून घसरू लागते. तळ सपाट असेल तर ही उचल सहज मिळते, मात्र लाटांवर दणकेही तितकेच बसतात. म्हणून सरोवरातल्या जुन्या वेगवान बोटींचा तळ पुढे ‘व्ही’ आकाराचा आणि मागे सपाटीकडे झुकणारा असे. संथ पाण्यात ते योग्यच होते.

अमेरिकी आरेखक रे हंट यांनी हा ‘व्ही’ पाठीमागच्या फळीपर्यंत खोल ठेवला. त्यांच्या ‘मॉपी’ या लाकडी बोटीने १९६० मध्ये खवळलेल्या समुद्रात मायामी-नासाऊ शर्यत जिंकली. आमच्या मते कारागिरीचा खरा नमुना ही बोट आहे. फायबरग्लासची ‘बर्ट्रम ३१’ तिच्याच तळावरून घडली.