गाणे कोणाचे? : संगीत नाटकाच्या रसिकांच्या बोलण्याविषयी

संगीत नाटकाविषयी मराठीत जेवढे लिहिले गेले, त्याहून कितीतरी अधिक बोलले गेले आहे. नाट्यगृहाच्या आवारात, मध्यंतरातील चहाच्या पेल्याभोवती, आगगाडीच्या डब्यात, गणेशोत्सवाच्या मांडवामागे आणि घरोघरच्या माजघरांत हे बोलणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. आपल्या समीक्षेने त्याची गणना गप्पांत केली आणि त्याकडे पाठ फिरवली. नाटककाराची संहिता, तिची रचना, तिच्यातील स्वभावरेखन हे समीक्षेचे विषय. अमक्या रात्री अमक्याने अमके पद कसे म्हटले, हा रिकामपणाचा उद्योग, अशी ही वाटणी होती. प्रस्तुत लेखकानेही ती बराच काळ मान्य केली होती. तिच्याविषयी शंका उत्पन्न झाली ती महाराष्ट्रात नव्हे, तर हुगळीकाठच्या बजबज या गावी.

कलकत्त्याच्या दक्षिणेस असलेले हे गाव तागाच्या गिरण्यांचे आणि तेलाच्या टाक्यांचे. १८९७ साली परदेशाहून परतताना स्वामी विवेकानंद येथेच उतरले आणि १९१४ साली ‘कोमागाटा मारू’ या जहाजावरील प्रवाशांवर येथेच गोळीबार झाला. मराठी वाचकाला हे नाव ठाऊक असलेच तर या दोन प्रसंगांमुळे. येथील वास्तव्यात मी ‘एकच प्याला’ या नाटकाचा बंगाली अनुवाद करीत होतो आणि झालेला भाग अधूनमधून चार स्नेह्यांना वाचून दाखवीत असे. त्यांत तागाच्या गिरणीतून निवृत्त झालेले एक वृद्ध कारकून होते. त्यांनी साहित्याचा अभ्यास केलेला नव्हता. परंतु जन्मभर यात्रा पाहिली होती. यात्रा म्हणजे बंगालचे उघड्या मंचावरचे संगीतमय लोकनाट्य. सिंधूचे एक पद मी वाचून संपविले तेव्हा त्यांनी सहज विचारले, “गान कार?” गाणे कोणाचे?

मी तत्काळ उत्तर दिले, “बालगंधर्वांचे.”

त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा विचारले, “म्हणजे हे नाटक त्यांनी लिहिले?” तेव्हा माझ्या ध्यानात आले की, प्रश्न एक होता आणि मी उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे दिले होते.

वस्तुतः त्या साध्या प्रश्नाला चार उत्तरे संभवतात. नाटक राम गणेश गडकरी यांचे. ते २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यास गंधर्व नाटक मंडळीने प्रथम रंगभूमीवर आणले, तेव्हा गडकऱ्यांना जाऊन महिनाही झाला नव्हता. पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांची. आणि गुर्जर हे बंगाली कथा मराठीत आणणारे लेखक, म्हणजे माझ्या श्रोत्यांचे एका अर्थी आप्तच. पदांच्या अनेक चाली सुंदराबाई जाधव यांच्याकडून आलेल्या. आणि गाणारे बालगंधर्व. या चौघांतून माझ्या जिभेवर प्रथम आले ते चौथे नाव. अनुवादक म्हणून ज्या गुर्जरांच्या शब्दांशी मी महिनोन्‌महिने झगडत होतो, त्यांची मला आठवणही झाली नाही. समीक्षक म्हणून मी ज्या बोलण्याला गप्पा म्हणत आलो, ते बोलणेच माझ्या मुखातून बोलले होते.

या बोलण्याचे मर्म त्याच्या षष्ठी विभक्तीत आहे. ‘नारायणरावांची सिंधू’, ‘नारायणरावांची भामिनी’, ‘केशवरावांचा धैर्यधर’, ‘बोडसांचा फाल्गुनराव’ असे रसिक म्हणतो. ‘खाडिलकरांची भामिनी’ हा प्रयोग पुस्तकात आढळेल, बोलण्यात क्वचितच. तळीराम मात्र बोलण्यातही बहुधा गडकऱ्यांचाच राहिला. म्हणजे ही विभक्ती सरसकट वाटलेली नाही. ज्या भूमिकेची घडण प्रयोगात झाली असे रसिकाला वाटले, तिचे स्वामित्व त्याने नटाकडे दिले. जिची घडण शब्दांतच पुरी झाली होती, तिचे लेखकाकडे ठेवले. हा निवाडा कोठे लिहून ठेवलेला नाही. पण तो निवाडाच आहे.

नावांविषयीही तसेच. जाहिरातीत ‘बालगंधर्व’ असत. बोलण्यात ते ‘नारायणराव’ होतात, घरच्या वडीलधाऱ्या माणसासारखे. ज्याच्यापाशी विद्या आहे तो ‘बुवा’, म्हणून भास्करबुवा बखले. दीनानाथ आणि कृष्णराव हे ‘मास्तर’. किर्लोस्कर ‘अण्णासाहेब’. कोणाशी जवळीक ठेवावयाची आणि कोणापुढे अदब राखावयाची, याची ही श्रेणी रसिकांनी आपसांत ठरविली, आणि तिच्यात गुणांची पारख मुरलेली आहे.

बंगालमध्ये नेमके उलटे घडले. तेथे गाणे कवीच्या नावाने ओळखले जाते : रवींद्रसंगीत, द्विजेंद्रगीती, नजरुलगीती. द्विजेंद्रलाल रायांच्या ‘शाहजहान’ किंवा ‘चंद्रगुप्त’ या नाटकांतील गाणी रंगभूमीवरच जन्मली. तरी आज ती द्विजेंद्रांची म्हणून गायिली जातात, पहिल्या प्रयोगातील नटनटींची म्हणून नव्हे. आपण मात्र ‘नाट्यसंगीत’ म्हणतो, म्हणजे गाण्याला त्याच्या जागेचे नाव देतो, आणि बोलताना गायकाचे. यामुळे दोन्हीकडच्या रसिकांच्या वादाचे विषयही निराळे झाले. बंगाली श्रोता विचारतो की, गाणाऱ्याने स्वरलिपी पाळली की नाही. देवव्रत विश्वासांसारख्या थोर गायकाच्या रवींद्रसंगीतावर विश्वभारतीच्या संगीत मंडळाने आक्षेप घेतले, तेव्हा कवीची मर्यादा गायकाने कोठवर ओलांडावी यावर घरोघर वाद झाले. मराठी रसिक विचारतो की, गाणाऱ्याने त्या चालीत कोणती जागा नवी घेतली. एकाला गाणे जसेच्या तसे हवे असते, दुसऱ्याला वाढलेले. ‘वाल्मीकिप्रतिभा’ १८८१ सालची आणि किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ त्याच्या काही महिने आधीचे, ३१ ऑक्टोबर १८८० चे. दोन प्रांतांनी जवळजवळ एकाच वेळी गाण्याला नाटकात नवे स्थान दिले आणि अर्धशतकात दोघे दोन दिशांना गेले.

आपली दिशा कशी ठरली, हे पदांच्या संख्येवरूनही समजते. ‘शाकुंतला’त दोनशेच्या आसपास पदे आहेत, १८८२ सालच्या ‘सौभद्रा’त शंभरावर. ती छोटी, कथेबरोबर चालणारी, संवादाचे काम करणारी पदे होती. १९११ सालच्या ‘मानापमाना’पासून आणि विशेषतः १९१६ सालच्या ‘स्वयंवरा’पासून पदे कमी झाली आणि प्रत्येक पदाचा विस्तार वाढला. गोविंदराव टेंबे आणि भास्करबुवा यांच्या चालींनी बैठकीचे गाणे रंगमंचावर आणले. अशा पदात शब्द हा रागाला टेकण्यापुरता आधार होऊ लागला. रसिकांच्या विभक्तीने हे स्थित्यंतर तत्काळ नोंदविले. समीक्षा मात्र पदांकडे काव्य म्हणूनच पाहत राहिली आणि ती सामान्य काव्ये आहेत, असा निष्कर्ष काढून मोकळी झाली. निष्कर्ष बरोबर असेल, पण तो चुकीच्या वस्तूविषयी होता.

या बोलण्याने आणखी एक काम केले. एकाच भूमिकेचे अनेक आविष्कार ताडून पाहण्याची शिस्त मराठीत प्रथम या रसिकांनी आणली. धैर्यधर हेच उदाहरण घ्यावे. १९११ साली किर्लोस्कर मंडळीत तो नानासाहेब जोगळेकरांनी केला; पुढे गंधर्व मंडळीत गोविंदराव टेंब्यांनी; ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या संयुक्त ‘मानापमाना’त ललितकलादर्शच्या केशवराव भोसल्यांनी, समोर बालगंधर्वांची भामिनी असताना; आणि नंतर बलवंत संगीत मंडळीच्या दीनानाथांनी. शब्द तेच, प्रसंग तोच, आणि धैर्यधर चार. त्या संयुक्त प्रयोगानंतर तीनच महिन्यांत केशवराव निवर्तले आणि रसिकांच्या बोलण्यातील तो तराजू तसाच अधांतरी राहिला. शंभर वर्षांनंतरही, ज्यांच्या आजोबांनीदेखील तो प्रयोग पाहिला नसेल अशी माणसे त्या रात्री कोण सरस ठरले यावर बोलताना मी ऐकली आहेत. हे हास्यास्पद वाटेल. परंतु नाटक संपताच नाहीसे होणाऱ्या कलेपाशी ऐकीव स्मृतीवाचून दुसरे ग्रंथालय असते कोठे? त्या काळच्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर जेमतेम तीनचार मिनिटांचे गाणे मावे. जे तीत मावले नाही, ते या बोलण्यात राहिले.

येथवर मी वकिली केली. आता त्या वृद्ध गृहस्थांचा दुसरा प्रश्न सांगितला पाहिजे. वाचन त्या दिवसापुरते थांबले, तेव्हा ते म्हणाले, “त्या बाईचे पुढे काय झाले?”

मराठी रसिकांच्या मेळाव्यात हा प्रश्न मी कधी ऐकलेला नाही. सिंधूचे पुढे काय होते हे सर्वांना ठाऊक असते म्हणून, असे कोणी म्हणेल. मला ते कारण पुरेसे वाटत नाही. नवऱ्याच्या व्यसनापायी दळण दळण्याची वेळ आलेली, मूल गमावणारी आणि मरताना नवऱ्याचा अपराध झाकणारी एक बाई त्या बोलण्यातून हळूहळू नाहीशी झाली आहे. उरली ती तिची पदे. ‘वन्समोर’ हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला आणि मराठी करून टाकला. परंतु सिंधूच्या पदाला वन्समोर देणे म्हणजे तिच्या दैन्याचा तोच क्षण पुन्हा मागणे, हे कोणाला खटकले नाही. सुख देणारे गाणे आणि दुःख भोगणारी बाई या दोहोंमध्ये रसिकाने गाण्याची निवड केली. षष्ठी विभक्तीने सिंधू नारायणरावांना दिली खरी. देताना ती सुधाकराच्या घरातून उचलून नेली.

बजबजच्या त्या श्रोत्याने बालगंधर्वांचा स्वर ऐकलेला नव्हता. त्याच्यापाशी होते ते माझे ओबडधोबड बंगाली शब्द आणि यात्रेची सवय. यात्रेत ‘विवेक’ नावाचे पात्र मध्येच येऊन गाते. ते गाणे प्रसंगाला थांबवीत नाही, त्याचा अर्थ सांगते. म्हणून संकटात सापडलेली बाई गाते कशी, हा वास्तववादी आक्षेप त्याच्या मनात आलाच नाही. तिच्या गाण्याकडे त्याने तिच्या जिण्याचा अर्थ म्हणून पाहिले आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला. गाण्याचे श्रेष्ठत्व ठाऊक नसल्यामुळे त्याला नाटक दिसले.

तर मग रसिकांचे बोलणे दोषी आणि संहितेला धरून बसणारी समीक्षा निर्दोष, असे ठरते काय? तसे वाटत नाही. गाण्याला कंटाळलेल्या टीकाकारांनी उलट बाजूने तीच फारकत केली. गाणी नाटकाला बाधक म्हणून ती काढावीत, असा त्यांचा रोख राहिला. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ आणली, तेव्हा गाणी थोडी ठेवून केशवराव भोळ्यांच्या चालींनी त्यांना प्रसंगाचा भाग केले; हा मधला मार्ग होता. त्यानंतर गद्य नाटक आपल्या वाटेने गेले. १९६० च्या दशकात ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘मत्स्यगंधा’, ‘कट्यार काळजात घुसली’ यांनी संगीत नाटकाला पुन्हा उभारी दिली. यांपैकी ‘कट्यार’ने तर गायकी हाच नाटकाचा विषय केला, म्हणजे रसिकांच्या बोलण्यातील वाद तिने थेट रंगमंचावर मांडला. तिचे यश मला एका अर्थी कबुलीसारखे वाटते. गाणे आणि नाटक यांचा सांधा तेथे पुन्हा जुळला, कारण गाणाऱ्याच्या मानापमानाखेरीज दुसरे दुःख तेथे सांगावयाचे नव्हते. सिंधूसारख्या दुःखाला गाण्यात जागा कशी द्यावी, हा प्रश्न तसाच राहिला.

आणि तरीही या बोलण्याविषयी मी निराश नाही. ‘बोडसांचा फाल्गुनराव’ हे शब्द पुन्हा आठवावेत. ‘संशयकल्लोळ’ हे संगीत नाटक. पण गणपतराव बोडसांची कीर्ती गाण्याची नव्हे, संशयी नवऱ्याच्या गद्य अभिनयाची. गाण्याच्या आहारी गेलेल्या रसिकांनीही ती भूमिका विसरली नाही. अजूनही बैठकीत एखादे पद झाले की, कोणीतरी म्हातारे गृहस्थ हळूच म्हणतात, “हे त्या प्रवेशात ऐकायला हवे.” कोणता प्रवेश, त्याआधी काय घडते, हे त्यांना सांगता येते. तुटलेला धागा त्या एका वाक्यात अजून शिल्लक आहे. नव्या श्रोत्यांशी पदांची ओळख ध्वनिमुद्रणांतून आणि नाट्यगीतांच्या मैफलींतून होते. त्यांच्या बोलण्यात हे वाक्य मला क्वचित ऐकू येते. ते नाहीसे झाले तर रसिकता उरेल, पण नाटकाची आठवण उरणार नाही.

माझा अनुवाद मी पुन्हा आरंभापासून केला. पूर्वी पदे छंदात बसविण्यासाठी मी धडपडत होतो, जणू कोणीतरी ती गाणारच आहे. आता प्रत्येक पदापूर्वी सिंधू कोठे आहे, हातात काय आहे, कोणाशी बोलत आहे, हे शब्दांतूनच उमगावे एवढा यत्न केला. चाल गेली, ती बंगालीत आणण्याचे सामर्थ्य माझ्यापाशी नव्हते. गायकही गेला. वृद्ध स्नेह्यांना शेवटचा अंक वाचून दाखविला, सिंधू मरते आणि सुधाकर विष घेतो तेथपर्यंत. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले की, तुमच्या देशी लोक हे नाटक पाहून घरी जाताना काय बोलतात?

मी त्यांना खरे ते सांगितले.